लिगंड बदलला की इलेक्ट्रॉन का हलतात?

आधी लिगंडकडे, म्हणजे धातूला जोडलेल्या रेणू किंवा आयनाकडे, पाहूच नकोस. धातूची ऑक्सिडीकरण अवस्था (त्याच्यावर मानलेला प्रभार) काढ, मग त्याच्या डी-कक्षकांतले, म्हणजे ‘डी’ नावाच्या जागांतले, इलेक्ट्रॉन मोज. आयन होताना ४एस या कक्षकातले इलेक्ट्रॉन आधी जातात. निम्म्या चुका इथेच होतात.

आता लोह(दोन) घे, म्हणजे +२ अवस्थेतलं लोह; त्यात सहा डी-इलेक्ट्रॉन, म्हणून डी६. सहा लिगंड अष्टफलकाच्या कोपऱ्यांवरून जवळ आले की पाच डी-कक्षकांची ऊर्जा सारखी राहत नाही: तीन खाली, दोन वर. इलेक्ट्रॉनपुढे दोनच वाटा असतात, वर चढायचं किंवा खालीच जोडी करायची. पाणी ही वर-खालच्या ऊर्जेतली फट लहान ठेवतं, म्हणून काही इलेक्ट्रॉन वर चढतात आणि चार एकटे उरतात; हे उच्च-स्पिन. सायनाइड फट इतकी रुंदावतो की सहाही खाली जोडीने बसतात; हे निम्न-स्पिन. संयुग प्रतिचुंबकीय होतं, म्हणजे चुंबक त्याला ओढत नाही. धातू तोच, इलेक्ट्रॉन तेवढेच! मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

पण ‘पाणी म्हणजे दुर्बल लिगंड, म्हणून उच्च-स्पिन’ असं घोकू नकोस. कोबाल्ट(तीन)ला सहा पाणी जोडले तरी निम्न-स्पिनच मिळतं, कारण धातूवरचा प्रभारही फट वाढवतो. तुलना नेहमी फट आणि जोडीसाठी लागणारी ऊर्जा यांचीच कर. अष्टफलकात डी१ ते डी३ आणि डी८ ते डी१० ना उच्च-स्पिन की निम्न-स्पिन हा प्रश्नच पडत नाही, तिथे वेळ घालवू नकोस.