जिऑलॉजी शिकून शिक्षकांना शिकवायचंय? मग डिग्री वाया कशी?

ताई, तुमचं पत्र वाचलं. लेक एम.एस्सी. जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, खाणीत-तेल कंपनीत जायचं नाही म्हणते, विज्ञानाचे शिक्षक घडवायचेत म्हणते, आणि तुम्हाला वाटतंय की एवढं शिकून शेवटी बी.एड.वाल्यांनाच शिकवणार तर काय उपयोग.

मला तर हे ऐकून फार बरं वाटलं. एका शिक्षकांच्या वर्कशॉपमध्ये मी बघितलंय, बसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, तुकड्यावर डायल्यूट अ‍ॅसिडचा थेंब टाकला आणि फेस आला, आता पुस्तकात तर फेस चुनखडीवर येतो, सगळे गप्प. तिथं एक जिऑलॉजीचे प्राध्यापक होते म्हणून बरं, त्यांनी भिंग देऊन दाखवलं की थेंब दगडातल्या पांढऱ्या ठिपक्यावर पडलाय, लाव्हा थंड होताना वायूची जी पोकळी राहिली तिच्यात नंतर पाण्याने आणून भरलेला कॅल्साइट आहे तो, म्हणजे चुनखडीतलंच खनिज, म्हणून फेस. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आपला पाटा-वरवंटा बहुतेक त्याच दगडाचा!! नुसतं पाठ करून आलेल्या माणसाला हे सांगता आलं नसतं हो.

आणि हे काही नवीन खूळ नाही. १९७२ ला मध्य प्रदेशात होशंगाबादला १६ शाळांपासून प्रयोगातून विज्ञान सुरू झालं तेव्हा युनिव्हर्सिटीतले, टीआयएफआरचे (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांसोबत बसायचे.

आता रस्ता. बी.एड. कॉलेजात लागायचं तर एम.एस्सी.च्या जोडीला एम.एड. लागतं, म्हणजे आधी बी.एड., मिळून चार वर्षं गेली, हे घरी आधीच बोलून घ्या. दुसरं, अर्थ सायन्सेसमधून नेट किंवा सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) काढून जिऑलॉजीची प्राध्यापक व्हायचं आणि तिथून शिक्षकांचं काम करायचं, पगाराची काळजी असेल तर मला हेच जास्त पटतं, फक्त जागा कमी निघतात. आणि संशोधनाची ओढ असेल तर मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथं सायन्स एज्युकेशनमध्येच पीएच.डी. होते.

पण त्याआधी तिला वर्षभर तरी सातवी-आठवीच्या वर्गावर उभी राहू दे, खरंच सांगतो. ज्याने चाळीस पोरं सांभाळली नाहीत त्याचं शिक्षक ऐकत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. जवळच्या शाळेत विचारून बघा, जून यायच्या आत. दगडांची पेटी तिच्याकडे असेलच, ती घेऊन जा म्हणावं.