इचलकरंजीत छोट्या लूम कारखान्यासाठी विमा एजंट कसा शोधावा?

आठ लूम (यंत्रमाग), काम मजुरीवर, सूत व्यापाऱ्याचं आणि डोक्यावर बँकेचं कर्ज, एवढं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. एजंटाची पारख यातल्या सुतावरच होते. त्याला पहिला प्रश्न हाच टाका: "सूत माझं नाही, पॉलिसीत कसं बसवाल?" जाणकार असेल तर 'विश्वासाने ताब्यात असलेला परक्याचा माल' अशी स्पष्ट नोंद करायला सांगेल आणि व्यापाऱ्याची चलनं जपून ठेवायला लावेल. "काय होत नाही हो" म्हणाला तर तिथूनच उठा.

शोध सायझिंगपासून (सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यापासून) आणि आसपासच्या लूमवाल्यांपासून सुरू करा. पण "एजंट कोण?" असं न विचारता "क्लेम कुणाला मिळाला आणि तेव्हा धावपळ कुणी केली?" असं विचारा. गाड्यांचा विमा करणारे गल्लोगल्ली आहेत, आगीच्या पॉलिसीचा सराव मोजक्यांना असतो. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्यांच्या शाखेतही नावं मिळतील. वैयक्तिक एजंट सर्वसाधारण विम्यात साधारणपणे एकाच कंपनीचं काम करतो, म्हणून दोन कंपन्यांचे दोन दर घ्या. ब्रोकर बऱ्याच कंपन्यांचे दर आणतो खरा, पण एवढ्या छोट्या हप्त्यासाठी तो पुढे वेळ देईलच असं नाही. एजंटाची नोंद इर्डाच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर तपासा.

तुमच्यासाठी पॉलिसी म्हणजे 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. एका जागेवरची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर ही चालते, 2021 पासून सगळ्या कंपन्यांकडे आहे. आग, वादळ, पूर यात येतात. 2019 आणि 2021 चा पंचगंगेचा पूर आठवा, म्हणजे तळमजल्यावरच्या लूमला पुराचं संरक्षण का हवं ते सांगावं लागणार नाही. घरफोडी मात्र वेगळी घ्यावी लागते, आणि लूमची मोटर विजेच्या बिघाडाने नुसती जळाली तर या पॉलिसीतून पैसे मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त मार बसतो तो रक्कम कमी लावल्याने. समजा, माल 20 लाखांचा आहे आणि विमा 10 लाखांचा. आगीत 4 लाखांचं सूत गेलं तर कंपनी 2 लाखच देईल, कारण विमा निम्म्याचाच होता. 15 टक्क्यांपर्यंतची तूट या पॉलिसीत माफ आहे, त्यापुढे हे गणित लागतं. दिवाळीआधी गोदाम भरतं, रक्कम त्या दिवसांच्या मालावर धरा. हप्ता वाचवायला रक्कम उतरवणारा एजंट तुमच्या नव्हे, विक्रीच्या फायद्याचा.

"कमिशनमधलं थोडं परत देतो" ही ऑफर आली तर नको म्हणा. विमा कायद्याच्या कलम 41 नुसार असं देणं-घेणं दोन्ही बेकायदा आहे. चेक कंपनीच्याच नावाने द्या. हप्ता कंपनीकडे पोहोचेपर्यंत विमा सुरूच होत नाही.

बँकेने आधीच पॉलिसी काढली असेल तर तिची प्रत मागून घ्या. तिच्यात बहुधा कर्जाएवढीच रक्कम असते, आणि पत्ता कधी जुन्या शेडचा निघतो. सूत दुसऱ्या गल्लीतल्या गोदामात ठेवत असाल तर त्या गोदामाचा पत्ता पॉलिसीवर स्वतंत्र छापून घ्या, आणि प्रत हातात पडली की तिथेच उभं राहून वाचा.