वाचक विचारतात: ‘कुंकू’ पाहताना पोरं का हसली?

प्रश्न: आमच्या फ्लॅट स्कीमच्या हॉलमध्ये मे महिन्यात प्रोजेक्टरवर ‘कुंकू’ (१९३७) हा जुना चित्रपट दाखवला. कॉलेजची पोरं नको तिथे हसली. त्यातला अभिनय खरंच इतका भडक आहे का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर: थोडा आहे. पण सगळं हसू नटांच्या खात्यावर टाकू नका, आधी चित्र तपासा. त्या काळच्या बोलपटाची चौकट जवळजवळ ४:३ असते. प्रोजेक्टर ‘स्ट्रेच’वर राहिला की चेहरे एक तृतीयांशाने रुंद होतात. ‘झूम’वर ठेवला तर वर-खाली मिळून सुमारे पाव भाग कापला जातो, म्हणजे कपाळ आणि हात. हातांचं बोलणं गेलं की उरतात नुसते वटारलेले डोळे! ८ फूट रुंद, १६:९ पडद्यावर चित्र ६ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच यायला हवं. दोन्ही कडांना एकेक फूट काळं राहू द्या.

मे महिना म्हटल्यावर कूलर आलाच असणार. या चित्रपटात पार्श्वसंगीत मुद्दामच ठेवलेलं नाही, जे ऐकू येतं ते प्रसंगातलंच. भिंतीवरचं घड्याळ तर जवळपास एक पात्र आहे. कूलरच्या घरघरीत आधी व्यंजनं बुडतात. मग कोणी तरी आवाज वाढवतं, स्वर घुमू लागतात आणि साधं बोलणंही ओरडल्यासारखं वाटतं. हॉल तासभर आधी गार करून घ्या आणि खेळाच्या वेळी कूलर कमीवर ठेवा. स्पीकर पडद्याजवळ, बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर असावेत. ट्रेबल (उंच, तीक्ष्ण आवाज) उतरवा, कारण जुन्या ध्वनिपट्टीवर ६–७ किलोहर्ट्झच्या वर बहुतेक खरखरच असते. इक्वलायझर असेल तर २–३ किलोहर्ट्झ किंचित चढवा, शब्द सुटे होतात.

एवढं करूनही जे खटकेल, ते खरं जुनं झालेलं. म्हातारा नवरा काकासाहेब झालेले केशवराव दाते रंगभूमीवर घडले. माइक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेला शब्द आणि भाव दोन्ही पोचवायचे, तर वाक्याचा शेवट लांबवावा लागे, टाळीला जागा सोडावी लागे. कॅमेरा दोन हातांवर आला तरी ती सवय सहज सुटत नाही. पडद्यावर त्या जागेत टाळी येत नाही. नट थांबलेला दिसतो आणि पोरं नेमकी तिथेच हसतात. आमच्या मते आवाजापेक्षा हे थांबेच जास्त जुने झालेत. उलट शांता आपटेंची नीरा, म्हणजे त्याची तरुण बायको, जिथे काही न बोलता धुमसते, तिथे आजही कोणी हसणार नाही. केंब्रिजला गणित शिकून आलेल्या शकुंतला परांजपे यांची सुशीला, म्हणजे काकासाहेबांची मुलगी, तीही बघा: बोलण्यात नाटकी हेल नाही, म्हणून ती सगळ्यांत ताजी वाटते.

प्रश्न: ‘अयोध्येचा राजा’त (१९३२) गाताना नट जागेवर खिळल्यासारखे का दिसतात?
– एक वाचक, महाल

उत्तर: माइकमुळे. पार्श्वगायन आपल्याकडे १९३५पासून आलं. त्याआधी चित्रीकरण चालू असतानाच गाणं ध्वनिमुद्रित होई, वादक चौकटीबाहेर बसत. मान वळली की आवाज पडायचा. हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे गाताना श्वास घेतात तो खरा असतो. ओठ हलवण्याचा अभिनय नाही, म्हणून गाण्यातले चेहरे संवादांतल्यापेक्षा कमी जुने वाटतात.

प्रश्न: जुन्या डीव्हीडीवर नायिकेचा आवाज चिरका येतो आणि सगळे घाईत वाटतात. डीव्हीडी बिघडली का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर: बिघडलेली नसावी. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल (आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पद्धत) पद्धतीच्या डीव्हीडीवर तो बहुधा २५ने चालवतात. वेग ४ टक्क्यांनी वाढतो, १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांत आटोपतो आणि आवाजही चढतो: पेटीवरची काळी एकची पट्टी पांढरी दोनकडे पाऊण वाट सरकते. डीव्हीडी संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावा, वेग ०.९६ करा. मात्र ऑडिओच्या सेटिंगमधलं ‘टाइम-स्ट्रेचिंग’ आधी बंद करा. ते चालू राहिलं तर वेग उतरतो, पट्टी चढलेलीच राहते. पेटी जवळ असेल तर गाण्याचा षड्ज आधी आणि नंतर लावून पाहा, फरक लगेच कळेल.