अशोकाने पाखंड्यांचा सन्मान केला?

प्रश्न : अशोकाच्या शिलालेखाच्या मराठी भाषांतरात ‘राजा सर्व पाखंडांचा सन्मान करतो’ असे वाक्य वाचले. पाखंडी म्हणजे ढोंगी ना? की मूळ धर्मातून फुटून निघालेल्या गटाला त्या काळी पाखंड म्हणत?

उत्तर : दोन्ही नाही. गुजरातेतल्या गिरनारच्या बाराव्या लेखात ‘सवपासंडानि च पवजितानि च घरस्तानि च पूजयति’ असे आहे. इथे पासंड म्हणजे कोणताही संप्रदाय. बौद्ध, ब्राह्मण, आजीविक (त्या काळचा एक श्रमण पंथ), निर्ग्रंथ (जैन) सगळे त्यात आले. कंदाहारच्या ग्रीक लेखात या शब्दासाठी ‘दियात्रिबे’ वापरला आहे. त्याचा अर्थ विचारांची शाखा किंवा परंपरा, त्यात शिवी नाही. भाषांतरकाराने जुना शब्द तसाच ठेवला आणि आजचा अर्थ त्याला चिकटला.

हा अर्थ बिघडला कसा, ते ग्रंथांत दिसते. सर्व पासंडांनी सगळीकडे राहावे, अशी इच्छा अशोक सातव्या लेखात व्यक्त करतो. कौटिलीय अर्थशास्त्रात पाषंडांची (पाषंड हे पासंडचे संस्कृत रूप) वस्ती स्मशानाच्या कडेला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तर जुगारी, क्रूर माणसे यांच्या रांगेत पाषंडस्थ बसतात आणि राजाने त्यांना नगराबाहेर काढावे, असे सांगितले आहे. वेद न मानणारा तो पाषंडी, हा अर्थ रुळला. ढोंगी ही पुढची पायरी.

‘पा म्हणजे वेदधर्माचे पालन, त्याचे खंडन करतो तो पाखंड’ ही व्युत्पत्ती पुष्कळदा सांगतात. ऐकायला चोख, पण टिकत नाही. ती सारी ‘ख’वर उभी आहे आणि हा ‘ख’ मागाहून आला. उत्तरेकडे ष चा उच्चार ख होतो : भाषाचे भाखा, वर्षाचे बरखा, तसेच पाषंडचे पाखंड. अशोकाच्या लेखांत या शब्दात ख नाहीच. शाहबाजगढीच्या (आज पाकिस्तानात) लेखात तर ‘प्रषंड’ असे रूप आहे. म्हणून काही अभ्यासक या शब्दाचे नाते पर्षद, म्हणजे सभा, याच्याशी जोडतात. ते अधिक पटते.

फुटीसाठी शब्द वेगळाच होता : संघभेद, म्हणजे बौद्ध भिक्षुसंघात पडलेली फूट. विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, त्याची मोजणीही आहे. दोन्ही बाजूंना किमान चार-चार भिक्षू आणि मत मांडणारा नववा, एवढे असतील तरच तो संघभेद. कमी असतील तर ती नुसती ‘संघराजी’, म्हणजे तडा. सारनाथ, सांची आणि कौशांबीच्या लेखांत अशोकाने याच भेदावर हुकूम काढला : संघ फोडणाऱ्या भिक्षूला किंवा भिक्षुणीला पांढरी वस्त्रे घालायला लावावीत आणि विहाराबाहेर ठेवावे. पांढरे वस्त्र गृहस्थाचे, म्हणजे चीवर, भिक्षूचे वस्त्रच, काढून घेतले. तेव्हा बाराव्या लेखाचे भाषांतर करताना ‘संप्रदाय’ लिहावे. ‘फुटीर गट’ सारनाथच्या लेखासाठी राखून ठेवावा.