‘दुसरा पाय’ : सत्ताविसाव्या वर्षी आयरिश नृत्य शिकताना

गेल्या हिवाळ्यात आयर्लंडमधल्या गॉलवेहून एका मराठी तरुणीचा ईमेल आला. ‘मी २७ वर्षांची आहे. सप्टेंबरमध्ये प्रौढ नवशिक्यांच्या आयरिश नृत्याच्या वर्गात नाव घातलं आणि तिसऱ्या आठवड्यात वर्ग चालू असतानाच निघून आले. इथली मुलं चार-पाच वर्षांची असताना सुरुवात करतात. मी काहीतरी हास्यास्पद करतेय का? आणि एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे येणं, हेही हास्यास्पद आहे का?’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच कळवले, की नाही. पहिल्यासाठी मात्र आम्हाला सात भेटी लागल्या. ‘आता उशीर झाला का?’ हा प्रश्न माझ्याकडे पोहणे, व्हायोलिन, गाडी चालवणे अशा नाना रूपांत येत असतो, त्यामुळे या भेटींविषयी तिच्या परवानगीने लिहीत आहे. तिला आपण रेवती म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रेवती मूळची सांगलीची, शिक्षण आणि पहिली नोकरी पुण्यात, आणि आता गॉलवेतल्या वैद्यकीय उपकरणांच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस. पहिल्याच भेटीत मी ‘तुम्ही’ म्हणू लागल्यावर तिने थांबवले. “ताई, अहो-जाहो केलंत तर मला ऑफिसात बसल्यासारखं वाटेल,” असे ती म्हणाली, आणि मग त्या तिसऱ्या आठवड्यात काय घडले ते तिने सांगितले.

वर्ग एका सामुदायिक सभागृहात भरत असे. प्रौढांच्या आधी मुलांचा वर्ग असल्यामुळे न्यायला येणाऱ्या पालकांची वाट पाहत चार-पाच मुली भिंतीलगतच्या बाकावर बसलेल्या असत. त्या दिवशी शिक्षिका ‘सेव्हन्स’ शिकवत होती, म्हणजे चवड्यांवर उभे राहून, एक पाय दुसऱ्यामागे आडवा टाकत सात मोजेपर्यंत बाजूला सरकायचे. आयरिश नृत्यात कोणताही पदबंध आधी उजव्या पायाने करतात आणि मग तोच जसाच्या तसा डाव्या पायाने. उजवीकडे रेवतीचे जमले. परत येताना सगळी रांग डावीकडे निघाली आणि ती उजव्याच पायावर अडकून शेजारणीवर आदळली. तेव्हा बाकावरची आठेक वर्षांची एक मुलगी पुढे झुकून, अगदी हळू आणि मदतीच्या स्वरात म्हणाली, “दुसरा पाय.” रेवती हसली, शिक्षिकेला खुणेने ‘आलेच’ म्हणाली, स्वच्छतागृहात गेली आणि तिथून थेट बाहेर पडली. सॉल्टहिलच्या समुद्रकाठच्या रस्त्याने टोकापर्यंत चालत जायचे आणि तिथल्या भिंतीला पाय लावून परतायचे, अशी गॉलवेकरांची रीत आहे. ती पावसात तिथवर गेली आणि भिंतीला पाय लावला तो इतक्या जोरात, की अंगठा दोन दिवस ठणकत होता. त्यानंतर शिक्षिकेचे व्हॉट्सॲपवरचे तीन संदेश तिने उघडलेच नव्हते.

इथे माझी एक चूक नोंदवायला हवी. परदेशात एकटी राहणारी तरुणी, हिवाळा आणि साडेचारलाच पडणारा अंधार हे सगळे पाहून मी मनाशी ठरवून टाकले, की नृत्य हे निमित्त आहे आणि खरे दुखणे एकटेपणाचे आहे. पहिल्या दोन भेटी मी त्याच दिशेने प्रश्न विचारत राहिले. दुसऱ्या भेटीच्या शेवटी ती शांतपणे म्हणाली, “ताई, माझ्या मैत्रिणी आहेत, आम्ही दर रविवारी जेवायला भेटतो. मला नाचच शिकायचाय.” समोरच्याने आणलेल्या प्रश्नामागे आणखी खोल प्रश्न असणारच, हा आमच्या व्यवसायाचा एक हट्ट आहे. कधी कधी माणसाला खरोखर नाचच शिकायचा असतो.

तिसऱ्या भेटीत मी तिला विचारले, “उशीर कशासाठी झाला?” तिला उत्तर देता आले नाही, म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो. ‘वयाचे काही नसते, मन तरुण हवे’ असे धीराचे वाक्य मी अशा वेळी कधीच वापरत नाही, कारण ते खोटे आहे आणि ऐकणाऱ्याला ते खोटे असल्याचे ठाऊक असते. ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनमधील युरोव्हिजन या गायनस्पर्धेच्या मध्यंतरात सात मिनिटांचा ‘रिव्हरडान्स’ सादर झाला आणि आयरिश नृत्य जगभर पोहोचले. रेवतीनेही लहानपणी त्याचीच चित्रफीत पाहिली होती. त्या रांगेत उभे राहणारे नर्तक लहानपणापासून स्पर्धांमध्ये घडलेले असतात. १९७० साली डब्लिनमध्ये सुरू झालेल्या जागतिक स्पर्धेतील विजेत्यांचेही तसेच. त्या दोन्ही गोष्टींसाठी रेवतीला उशीर झाला आहे, हे मी स्पष्ट सांगितले आणि तिने ते कागदाच्या डाव्या बाजूला लिहिले. लिहिताना तिला हसू आले, कारण या दोहोंपैकी काहीही तिला मुळात नकोच होते.

उजवी बाजू भरायला अधिक वेळ लागला, कारण तिला ‘आयरिश नृत्य’ म्हणजे ताठ हात आणि हवेत उडणारे पाय एवढेच माहीत होते. ‘फेश’ म्हणवल्या जाणाऱ्या अनेक स्पर्धांमध्ये मोठेपणी सुरुवात करणाऱ्यांसाठी वेगळा प्रौढ गट असतो आणि तिथे नवशिक्याची गाठ नवशिक्याशीच पडते. स्पर्धा नको असतील तर ‘केली’ आहे, म्हणजे जोड्यांनी आणि रांगांनी करायचे सामूहिक नृत्य, ज्यात आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एका रांगेत असतात. शेजारच्या क्लेअर परगण्यात चार जोड्यांचा ‘सेट’ नाचतात. तिथल्या मिलटाउन मॅलबे गावी १९७३ पासून दर जुलैत भरणाऱ्या विली क्लॅन्सी उन्हाळी शाळेत प्रौढ माणसे आठवडाभर तेच शिकायला येतात. आणि गॉलवेच्या पश्चिमेला, कॉनेमारात, ‘शान-नोस’ हा जुना एकल प्रकार आहे. त्यात पाय जमिनीलगत राहतात, हात मोकळे असतात आणि प्रत्येकाची ढब वेगळी चालते. तास संपला तेव्हा उजवी बाजू भरून पान उलटावे लागले होते. ती भरली म्हणून भीती गेली असे मात्र झाले नाही. घरी जाऊन तिने शिक्षिकेचे संदेश उघडले नाहीत ते नाहीतच.

चौथ्या भेटीत बोलता बोलता तिने सहज सांगितले, की पुण्यात तेविसाव्या वर्षी ती ढोल-ताशा पथकात गेली होती. नोकरी सांभाळून गणपतीआधी दोन महिने नदीपात्रात सराव, हाताला फोड, खांद्याला वळ. मी विचारले, “तेव्हा उशीर झाला असं वाटलं होतं?” ती चकित झाली. “पथकात कुठे कोणाला उशीर होतो? सगळे नवीनच असतात.” मग थोडे थांबून ती म्हणाली, “आणि कमरेला एवढा ढोल बांधल्यावर माणूस दिसतच नाही.”

त्या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. ढोल वाजवताना चुकणारा ठोका चाळीस ढोलांत बुडून जातो. आयरिश नृत्यात मात्र धड आणि हात स्थिर ठेवायचे असतात (ते तसे का, याच्या दंतकथा तुम्हाला इथल्या प्रत्येक पबमध्ये वेगळ्या ऐकायला मिळतील), त्यामुळे बघणाऱ्याची नजर पायांवरच जाते. आणि पाय हेच रेवतीचे दुखरे ठिकाण होते. सातव्या वर्षी तिला सांगलीत भरतनाट्यमच्या वर्गात घातले होते. स्नेहसंमेलनाच्या तालमीत तिला मागच्या रांगेत हलवल्यावर घरी एका आत्याने सर्वांसमोर म्हटले होते, “पाय आहेत की मुसळं?” सगळे हसले, तीही हसली आणि पुढच्या महिन्यात तिने वर्ग सोडला. वीस वर्षांनी गॉलवेत आठ वर्षांची मुलगी ‘दुसरा पाय’ म्हणाली, तेव्हा रेवतीच्या कानांनी ऐकले ते आत्याचे वाक्य.

असे धागे सापडले की अशिलाला आणि समुपदेशकालाही कोडे सुटल्याचा आनंद होतो. तो फार काळ धरून ठेवू नये, असे माझे मत आहे. आत्या कळली म्हणून डावा पाय वेळेवर पडत नाही. त्यासाठी सभागृहात परत जावे लागते आणि तेही झेपेल अशा टप्प्यांनी.

पहिला टप्पा शिक्षिकेचे संदेश वाचण्याचा होता. तीनपैकी दोन संदेश सभागृहाची वेळ बदलल्याचे होते आणि तिसऱ्यात ‘तुझी पाण्याची बाटली माझ्याकडे आहे’ एवढेच लिहिले होते. इतके दिवस ज्यांत आपली हजेरी घेतलेली असेल असे रेवतीला वाटत होते, ते हे संदेश. दुसऱ्या टप्प्यात तिने एक वही केली. वर्गाला जाण्यापूर्वी डाव्या पानावर काय होईल असे वाटते ते लिहायचे आणि परत आल्यावर उजव्या पानावर प्रत्यक्षात काय दिसले ते, ‘वाटले’ हा शब्द न वापरता. पहिल्या दिवशीच्या डाव्या पानावर होते : ‘सगळ्या जणी माझ्याकडे बघतील.’ उजव्या पानावर होते : ‘अकरा जणी. नऊ जणी स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. एक घड्याळाकडे. शिक्षिका माझ्याकडे, दोनदा.’

हा अनुभव तिच्या एकटीचा नाही. कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, त्यांना लाजिरवाणा वाटणारा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले होते. खोलीतील जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो चेहरा ओळखणारे निघाले चौथ्या हिश्श्याच्या आसपास. मी हा प्रयोग रेवतीला तिची तीन पाने भरून झाल्यावर सांगितला, कारण आधी सांगितला असता तर तो तिला समजूत काढल्यासारखा वाटला असता. आणि चौथा हिस्सा म्हणजे शून्य नव्हे, हेही तिच्या चटकन लक्षात आले.

दरम्यान एक भलताच अडथळा आला. मागे राहिलेले भरून काढण्यासाठी ती रोज रात्री स्वयंपाकघरातल्या फरशीवर अनवाणी तासभर उड्यांचा सराव करू लागली होती. दोन आठवड्यांत नडगीच्या आतल्या बाजूला सकाळी पाऊल टेकताच कळ येऊ लागली आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची चिठ्ठीही आली. हे दुखणे समुपदेशनाचे नव्हे, म्हणून मी तिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. हा नाच चवड्यांवरचा आहे, आणि प्रत्येक उडीनंतर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पोटऱ्या, नडग्या आणि पावलांवर येतो. लहानपणापासून नाचणाऱ्यांची हाडे आणि स्नायू त्याला वर्षानुवर्षे सरावतात. प्रौढ नवशिक्याने तो भार हळूहळू वाढवायचा असतो, पोटऱ्यांना आधी बळ द्यायचे असते आणि टणक फरशी टाळून लाकडी जमीन शोधायची असते. दुखणे कमी होईपर्यंत उड्या बंद, असे फिजिओथेरपिस्टने सांगितले. तेव्हा रेवती मला म्हणाली, “म्हणजे उशीर झालाच की.” मी म्हटले, “पायांना वेळ लागतो, हे खरं आहे. ते डाव्या बाजूला लिही.” उड्या बंद असताना ती वर्गात बाकावर बसून नुसते मोजत असे. जिग या नृत्यप्रकाराच्या सहा मात्रा तिला दादरा तालाच्या ओळखीने लवकर सापडल्या. स्लिप जिगच्या नऊ मात्रांनी मात्र तिला चांगलेच रडवले.

आणखी एक शंका तिने फार उशिरा, सहाव्या भेटीत बोलून दाखवली : हे नृत्य त्यांचे आहे, आपण कोण? त्यातच आईने व्हिडिओ कॉलवर म्हटले होते, “एवढं नाचायचंच होतं तर भरतनाट्यम का सोडलंस? आणि त्या लोकांना काय वाटेल?” आईच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर रेवतीने स्वतः द्यायचे ठरवले आणि आत्याचे ते वाक्य वीस वर्षांनी प्रथमच आईला सांगितले. आईला तो प्रसंग आठवतही नव्हता. दुसऱ्याबाबत मी तिला एवढेच सांगितले, की आज अस्सल आयरिश मानली जाणारी पहिली जाहीर ‘केली’ आयरिश भाषा-संस्कृतीसाठी झटणाऱ्या गेलिक लीगने १८९७ साली भरवली ती लंडनमध्ये, घरापासून दूर राहणाऱ्या आयरिश लोकांसाठी, आणि क्लेअरचे सेट हे क्वाड्रिल या फ्रेंच नृत्यातून आलेले आहेत. उरलेले उत्तर तिला तिच्या शिक्षिकेकडून मिळाले. संकोचत विचारल्यावर ती म्हणाली, “अगं, मला फी भरणारी आणि वेळेवर येणारी माणसं हवीत.”

सातव्या भेटीनंतर आम्ही थांबलो. मार्चअखेर तिचा ईमेल आला. सभागृहात ‘केली’ झाली होती आणि ती ‘वॉल्स ऑफ लिमरिक’मध्ये उभी राहिली होती. त्या नृत्यात दोन जोड्या समोरासमोर नाचतात आणि प्रत्येक फेरीनंतर पाठ वळवून पुढच्या नव्या जोडीला सामोऱ्या जातात, त्यामुळे एखाद्या जोडीसमोर झालेली चूक पुढच्या जोडीला माहीत नसते. तिसऱ्या फेरीत ती पुन्हा उजव्याच पायावर अडकली. समोरचे सत्तरीचे गृहस्थही नेमके चुकीच्या बाजूला निघाले होते. दोघे एकमेकांवर आदळले आणि तिच्या दंडाला धरून त्यांनीच तिला योग्य बाजूला ओढले. कडक तळव्यांचे, आवाज करणारे बूट तिने अजून घेतलेले नाहीत, कारण फिजिओथेरपिस्टने ऑगस्टपर्यंत थांबायला सांगितले आहे. नाचतानाची चित्रफीत कोणी काढलेली तिला अजूनही चालत नाही. बाकावरच्या त्या मुलीचे नाव तिला आता माहीत आहे, आणि दर गुरुवारी पालक येईपर्यंतच्या दहा मिनिटांत ती रेवतीला स्लिप जिग मोजून दाखवते.