नॅसकारच्या (अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या मालिकेच्या) २००८ च्या ब्रिकयार्ड शर्यतीवर, म्हणजे इंडियानापोलिसच्या ट्रॅकवरच्या शर्यतीवर, चाहते एवढे का चिडले? टायर झिजणं हा शर्यतीचाच भाग नाही का?

आहे ना, नक्कीच आहे. झिजत चाललेला टायर जपत जपत गाडी पळवायची, हेच तर या खेळातलं खरं कसब. पण २७ जुलै २००८ ला इंडियानापोलिसला जपण्यासारखं काही उरलंच नव्हतं. लोकांचा संताप त्याचा होता.

मी तेव्हा अमेरिकेतल्या शार्लटला राहायचो. नॅसकारच्या बहुतेक संघांची गॅरेजं त्याच परिसरात आहेत, त्यामुळे रविवारी दुपारी आमची अर्धी गल्ली टीव्हीसमोर असायची. हा खेळ मला शिकवला तो शेजारच्या सत्तरीतल्या गृहस्थांनी. लहानपणापासून एकही मोसम न चुकवलेला माणूस. त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसून ती शर्यत आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. तेवढा वेळ मी त्यांना एरवी कधी गप्प बसलेलं पाहिलं नाही.

टायर झिजतो म्हणजे काय होतं ते आधी सांगतो. शाळेतलं खोडरबर आठवा. चांगलं खोडरबर घासलं की त्याच्या वळकट्या निघतात, जुनं कडक झालेलं असेल तर नुसती भुकटी पडते. शर्यतीच्या टायरचं रबर नेहमी वळकट्यांसारखं निघतं. त्यातलं बरंचसं डांबराला चिकटतं, खरखरीत पृष्ठभागाची छिद्रं भरतात आणि पुढच्या गाड्यांचे टायर कमी झिजतात. उरलेल्या गोळ्या बाहेरच्या भिंतीकडे फेकल्या जातात. शार्लटचा ट्रॅक एकदा लोकांना चालायला खुला होता, तेव्हा हे मी स्वतः पाहिलं. गाड्या जिथून जातात तिथे शिसवीसारखा काळा तुकतुकीत पट्टा, आणि भिंतीच्या कडेला बोराच्या बियांएवढ्या रबराच्या गोळ्यांचा सडा. दोन-तीन माझ्या बुटाच्या तळाला चिकटून घरापर्यंत आल्या.

इंडियानापोलिसला त्या दिवशी वळकट्या पडल्याच नाहीत, भुकटी पडली. काजळीसारखी बारीक. ती डांबरात बसेना, उडून जाई. म्हणजे सरावाच्या दिवशी ट्रॅक जितका टायर खात होता, तितकाच शर्यतीतही खात राहिला.

दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. तिथल्या डांबराचा वरचा थर नवा केल्यावर हिऱ्याच्या पात्यांनी खरवडला होता, त्यामुळे पृष्ठभाग किसणीसारखा झाला होता. आणि गाडी नवी होती. जास्त सुरक्षित म्हणून आणलेलं ते मॉडेल २००८ मध्ये पहिल्यांदाच या ट्रॅकवर उतरलं. जुन्या गाडीपेक्षा ती उंच होती आणि हवेचा दाब तिला जमिनीवर कमी रेटायचा. सगळी वळणं डावीकडची, आणि वळणांना उतार जेमतेम नऊ अंशांचा. साहजिकच सगळा भार उजव्या बाजूच्या चाकांवर पडला. नॅसकारला टायर पुरवणारी कंपनी एकच, गुडइयर. एप्रिलमध्ये टायरची चाचणी झाली ती तीन गाड्यांवर. शर्यतीत तेव्हा गाड्या ४३ असायच्या.

मग शर्यतीत काय झालं? टायर दहा-बारा लॅपच्या (ट्रॅकच्या फेऱ्यांच्या) पुढे टिकेल याची खात्री नाही म्हणून नॅसकारने ठराविक लॅपनंतर आपणहून पिवळा झेंडा दाखवायला सुरुवात केली. सगळ्यांनी हळू व्हायचं, पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडीची कामं करण्याच्या जागेत) यायचं, टायर बदलायचे, परत रांगेत लागायचं. गाड्यांनी वेग पकडला, कोणी कोणाच्या मागे लागलं, आता काहीतरी घडणार असं वाटायला लागलं की पुन्हा पिवळा. अडीच मैलांच्या १६० लॅपपैकी ५२ पिवळ्या झेंड्याखाली गेल्या. एका लॅपला ताशी १८० मैलांच्या वर जाणाऱ्या गाड्या, पण अख्ख्या शर्यतीचा सरासरी वेग ताशी ११५ मैलांच्या आसपास. एवढं करूनही मॅट केन्सेथसारख्यांचे टायर फुटलेच. जिमी जॉन्सन जिंकला, कार्ल एडवर्ड्स दुसरा. जॉन्सनच्या विजयाला मी नावं ठेवणार नाही, त्याच्या पिटमधल्या माणसांनी त्या दिवशी अचूक काम केलं.

झेंडे दाखवण्याचा निर्णयही मला चुकीचा वाटत नाही. एवढ्या वेगात उजवा टायर फुटला तर गाडी थेट भिंतीत जाते, त्यात ड्रायव्हरचा जीव जाऊ शकतो. चूक रविवारी झाली नाही, ती एप्रिलमध्ये झाली. नवी गाडी, असा ट्रॅक, आणि चाचणी तीन गाड्यांची! वर्षभर आधी तिकिटं काढून, मुलंबाळं घेऊन, दोन-तीन राज्यं ओलांडून आलेल्या माणसाला याचा राग येणार नाही तर काय? नॅसकारचे अधिकारी रॉबिन पेम्बर्टन यांनी चाहत्यांची जाहीर माफी मागितली हे बरं झालं, पण तिकिटाचे पैसे कोणाला परत मिळाले नाहीत.

इथे २००५ ची आठवण निघणारच. त्याच इंडियानापोलिसला, फॉर्म्युला वनच्या शर्यतीत, मिशलिनचे टायर एका वळणावर टिकणार नाहीत म्हणून १४ गाड्या शर्यत सुरू होण्याआधीच्या फेरीनंतर सरळ गॅरेजमध्ये निघून गेल्या. उरल्या सहा. आपला नारायण कार्तिकेयन त्यात चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. मी तेव्हा पुण्यात होतो, आम्ही पेढे वाटले होते. प्रेक्षकांचं त्या दिवशी काय झालं असेल हा विचार माझ्या मनात आला तो तीन वर्षांनी, शेजाऱ्यांच्या सोफ्यावर बसून. मिशलिनने निदान तिकिटांचे पैसे परत केले, शिवाय पुढच्या वर्षीची २०,००० तिकिटं विकत घेऊन वाटायला दिली.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागासाठी नॅसकारचीच मार्च २०२४ ची ब्रिस्टलची शर्यत बघा. तिथेही टायर अपेक्षेपेक्षा फार लवकर झिजत होते, पण कधी जोर लावायचा आणि कधी टायर राखायचे हे ड्रायव्हरच्या हातात होतं. ५४ वेळा आघाडी बदलली. डेनी हॅमलिन जिंकला, आणि लोक त्या शर्यतीबद्दल अजून खुशीत बोलतात.

इंडियानापोलिसला गुडइयरने नंतर पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या, आणि २००९ चा टायर व्यवस्थित टिकला. त्या वर्षी १६० पैकी ११६ लॅप हुआन पाब्लो मोंतोया पुढे होता. पिटमध्ये वेगमर्यादा ओलांडली म्हणून त्याला दंड झाला आणि हातातली शर्यत गेली, जिंकला पुन्हा जॉन्सनच. आमचे शेजारी मोंतोयाच्या बाजूचे. रात्री अंगणात येऊन तासभर तावातावाने बोलत होते, पिटमधला तो एक क्षण पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि मीही तितक्याच तावाने त्यांच्याशी वाद घालत होतो.