पाटणबोरीहून सायकल गाडीत टाकून आणली, आता पुन्हा निघू का?

प्रश्न: काका, मी मारेगाव तालुक्यातला, वय २४. सायकलनं कन्याकुमारीला जायचं लय दिवसापासून डोक्यात आहे. सेकंडहँड गियरची सायकल घेतली, तंबू, गॅसची शेगडी, भांडे सगळं मागच्या कॅरिअरवर बांधून एप्रिलात निघालो तर पांढरकवड्याच्या अलीकडेच पंचर, मग अजून पंचर, अन् पाटणबोरीजवळ मागच्या चाकाचे स्पोक तुटून चाक आउट झालं. मालवाहू गाडीत सायकल टाकून परत. दिवाळीनंतर पुन्हा निघालो तर आदिलाबादच्या पुढे गुडघा इतका दुखायला लागला की पायडल मारणं होईना. आता पानठेल्यावर सगळे विचारतात, काऊन बे, कन्याकुमारी आली का? बाबा म्हणतात कापूस वेचायला माणूस भेटत नाही अन् तू फिरून राहिला, हे आपलं काम नाही. निघू की सोडून देऊ?

उत्तर: निघ. तुझं पत्र दोनदा वाचलं, त्यात घाबरून किंवा कंटाळून परत आल्याचं कुठंच दिसलं नाही, जे काही बिघडलं ते सायकलीचं अन् टायमिंगचं, आणि ते दुरुस्त होते.

आधी स्पोकचं घे, कारण खरा घात त्यानंच केला. तुला वाटत असेल स्पोक जास्त कसलेले होते म्हणून तुटले, तर बहुतेक वेळा उलटं राहते, सैल स्पोक आधी तुटतो. चाक फिरताना खालचा स्पोक सैल पडते अन् वर गेला की पुन्हा ताणते, हजारो वेळा असं झालं की हबपाशी जिथं तो वाकवलेला आहे तिथंच तार थकून तुटते, त्यात मागं तंबू-शेगडीचं ओझं. जुन्या मिस्त्रीकडं जा (नवीन पोरं नुसता आउट काढून देतात), फ्रीव्हीलच्या बाजूचे स्पोक नवीन टाकून घे आणि सगळे बोटानं वाजवून पाहा, एका बाजूचे सगळे साधारण सारखेच वाजले पाहिजेत. त्याच मापाचे पाच-सहा स्पोक फ्रेमला टेपनं चिकटव, सोबत फ्रीव्हील उघडायची चावी घे, नाही तर हातात स्पोक असून उपयोग नाही. आणि शेगडी घरी ठेव बाबा! नॅशनल हायवे ४४ वर जेवायला ढाबे आहेत.

पंचर म्हणजे सराटे असणार, आपल्याकडं रस्त्याच्या कडेच्या मातीत ते पसरलेलेच राहतात. ट्रक आला की आपण खाली उतरतो अन् तिथंच टोचतात. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून पाहायचं, काटा आत राहिला तर नवी ट्यूबही दोन मिनिटात बसते.

गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक सीट खाली आहे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेव, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. चढाला जड गियर रेटू नको, हलक्यावर पाय भरभर फिरव. पहिले चार-पाच दिवस ४०-५० किलोमीटरच्या वर जाऊ नको, अंगात ताकद असली तरी. तरीही दुखलं तर डॉक्टरला दाखव, मलमावर भागवू नको.

आता तारीख. एप्रिलात आपल्याकडं पारा ४५ च्या आसपास जाते, तेव्हा निघणं म्हणजे स्वतःहून पापड भाजून घेणं. दिवाळीनंतर निघाला तर तमिळनाडूत पोचेपर्यंत पाऊस, त्यांचा मोठा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर राहतो. म्हणून संक्रांतीच्या आसपास निघ. तोवर बहुतेक वेचणी उरकते, म्हणजे बाबांच्या म्हणण्यालाही मान राहते. त्यांचं खरं आहे रे, मजूर मिळत नाही तेव्हा घरातला जवान पोरगा सायकल घेऊन निघाला तर कोणाचाही जीव जळंल. वेचणीत पूर्ण हात लाव अन् मग तारीख सांग, आधी सांगू नको.

पानठेल्यावर तर काहीच सांगू नको. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये सायकलनं पृथ्वीप्रदक्षिणा केली, कॅनडात अस्वल मागं लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, तरी पोरगी पुढं गेली. तुला अजून नुसता सराटाच टोचला आहे.

ब्रेकच्या गुटक्यांचा जास्तीचा जोड मात्र विसरू नको. निर्मलच्या अलीकडं घाट आहे, पण खरा सांभाळायचा तो धर्मपुरी अन् सेलमच्या मधला तोप्पूर घाट, लांबच लांब उतार, ट्रकवालेसुद्धा तिथं फसतात. तिथं दिवसाउजेडीच उतर, डाव्या कडेनं, दोन्ही ब्रेक थोडे थोडे मारत. परत येताना कन्याकुमारीहून आठवड्यातून एकदा सुटणारी हिमसागर एक्सप्रेस बल्लारशा-नागपूर मार्गेच जाते, सायकल पार्सल ऑफिसात आदल्या दिवशीच बुक करून टाक.